बास्केटबॉल, अण्णा आणि माझा कटवडा

वडे तळताना कढईच्या तळाला पिठाचा चुरा साठत जातो. वेळच्या वेळी झाऱ्यानं काढला नाही, तर पुढचा घाणा काळा पडतो. माझ्या गाड्यावर किस्सेही असेच साठलेत. बावीस वर्षं एकाच मैदानाच्या कडेला उभी आहे, म्हणजे तळाला किती असेल बघा. आज म्हटलं, झारा फिरवावा.

शिक्षण चौथी. त्यामुळं जे दिसतं ते लिहिते, गोड करून लिहायला शिकवायच्या आत शाळा सुटली. "शालनअक्का, जरा सबुरीनं बोला," असं लोक सांगतात. सबुरी पाहिजे त्यांनी दुसऱ्या गाड्यावर जावं. वडा तिकडंही मिळतो. असा मिळत नाही, ते सोडा.

मैदान म्हणजे बास्केटबॉलचं ग्राउंड. कोल्हापुरात फुटबॉल सोडून दुसरा चेंडू हातात दिसला, की लोक विचारतात, "का, पायाला लागलंय का?" अशा गावात घाटगे सर नावाचा एक हट्टी माणूस, शाळेतनं पीटीचा मास्तर म्हणून रिटायर झालेला, रोज सकाळी पोरी गोळा करून हितं प्रॅक्टिस घेतो. आमच्या गल्लीतली सानिका त्यांची कॅप्टन. पोरीचं नाव राज्याच्या निवडीला गेलंय.

आणि गेल्या महिन्यात हेच ग्राउंड पार्किंगला द्यायचं घाटत होतं. सानिकाला सरावाला दुसरी जागा नाही, अख्ख्या भागात नाही. त्याचं काय झालं ते शेवटाला सांगते. आधी जुना चुरा.

* * *

गाडा लावून मला महिनाही झाला नव्हता तेव्हाची गोष्ट. सरांनी कुठनं कुठनं खटपट करून दोन रिंगांना दोन नव्या जाळ्या आणल्या आणि अडकवल्या. मी बघते तर दोन्ही खालून उघड्या. मला वाटलं, मास्तर साधा माणूस, दुकानदारानं फाटका माल गळ्यात मारला.

दुपारी ग्राउंड मोकळं होतं. वायरमनची शिडी भिंतीला होती. सुतळी घेतली, दाभण घेतलं, वर चढले आणि दोन्ही जाळ्या खालून गच्च शिवून टाकल्या. माझं शिवण म्हणजे पोतं फाटेल, पण शिवण उसवणार नाही.

दुसऱ्या दिवशी पहिल्याच पोरीचा चेंडू आत गेला आणि आतच बसला. सगळ्या पोरी वर तोंड करून उभ्या.

सरांनी तोंडातली शिट्टी काढली. "हे कुणाचं काम?"

"माझं. फाटका माल आणलाय तुम्ही."

"अक्का, चेंडू खाली पडायला पाहिजे."

"मग वर कशाला टाकताय?"

याचं उत्तर सरांनी आजतागायत दिलेलं नाही. नवी पोरगी प्रॅक्टिसला आली, की मात्र तिला आधी हा किस्सा सांगतात, मग नियम शिकवतात.

* * *

अमेरिकेतले बास्केटबॉलचे मोठे सामने आपल्याकडं सकाळी पोह्याच्या वेळेला लागतात. सर माझ्या बाकड्यावर बसून मोबाइलवर बघतात. मीही तिरक्या नजरेनं बघते. सात-सात फुटाची माणसं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझ्या मनात एकच आलं, ह्याच्या आईनं भाकरी थापल्या तरी किती असतील.

तीनेक वर्षांमागं एक दिवस सरांनी पोहे तसेच ठेवले. काय झालं म्हणून विचारलं, तर त्यांचा आवडता खेळाडू टीमनं दुसऱ्या टीमला देऊन टाकला होता.

"चार वर्षांत तिसरी टीम," सर म्हणाले.

"त्याला विचारलं न्हाई का?"

"बऱ्याच वेळा विचारत न्हाईत. सकाळी उठल्यावर कळतं."

शेजारी अण्णा पेपर वाचत बसले होते. अण्णा म्हणजे आमच्या भागाचे पुढारी. मनानं वाईट नाहीत, पण पाच वर्षांत तीन पक्ष झाले. त्यांच्या फ्लेक्सवर कार्यकर्ते जुन्या चिन्हावर नव्या चिन्हाचा स्टिकर चिकटवतात, पाऊस झाला की खालचं चिन्ह वर येतं.

मी म्हटलं, "अण्णा, तुमच्यासारखंच की."

अण्णांना झोंबलं. "माझं तसं न्हाई, अक्का. मला पक्ष विचारून घेतोय."

"व्हय की. तुम्हाला विचारत्यात. आम्हाला सकाळी उठल्यावर कळतं."

अण्णांनी त्या दिवशी दुसरा चहा घेतला नाही.

* * *

माझा थोरला संदीप पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत आहे. कंपन्या वाढल्या तशी तिकडं जमिनीतनं पिकं येण्याऐवजी टॉवर यायला लागलेत. संदीप एकोणिसाव्या मजल्यावर राहतो. कोथिंबीर मोबाइलवर मागवतात. खाली दुकान आहे, चार पावलांवर, पण कोथिंबीर गाडीवर बसून येते.

पहिल्यांदा गेले तेव्हा गेटवर वॉचमननं अडवलं.

"कुणाकडं?"

"संदीपकडं. माझा पोरगा हाय."

त्यानं मोबाइल बघितला. "ॲपवर तुमची एंट्री न्हाई."

"त्याला जन्म दिला तवाबी ॲपवर एंट्री नव्हती."

वॉचमन वर बघून हसायला लागला. "कोल्हापूरचं का, पावणं?" पोरगा राधानगरीकडचा निघाला. माझी पिशवी त्यानं स्वतः लिफ्टपर्यंत आणून दिली. एकोणीस मजल्यांत तेवढा एकच माणूस मला भेटला असं त्या दिवशी वाटलं.

* * *

त्याच टॉवरमधला पुढचा किस्सा. सुनेला सांडगे आवडतात म्हणून करायला घेतले. बाल्कनीत ऊन येत नाही, समोरचा टॉवर सगळं ऊन खातो. खाली बघते तर निळ्या रंगाचं, चकचकीत, दिवसभर ऊन पडलेलं बास्केटबॉलचं ग्राउंड. आमच्या सरांनी बघितलं असतं तर डोळ्यांत पाणी आलं असतं. आणि त्यावर पंधरा दिवसांत एक पोर फिरकलं नव्हतं. कडेला बोर्ड होता, ॲपवर बुकिंग करूनच खेळावे.

दोन जुन्या साड्या अंथरल्या आणि सांडगे घातले.

तासाभरात सेक्रेटरी आले. शर्ट इस्त्रीचा, आवाजही इस्त्रीचा. "मॅडम, हे बास्केटबॉल कोर्ट आहे."

"व्हय. पण बॉल कुठाय?"

"इथं बुकिंग लागतं."

"मग आज कुणाचं हाय?"

त्यांनी मोबाइल बघितला. "कुणाचंच नाही."

"मग माझं लिवा. सकाळी नऊ ते ऊन जाईपर्यंत."

तिकडं संदीपच्या मोबाइलवर सोसायटीच्या ग्रुपमध्ये त्याच्या आईचे अकरा फोटो पडले. पोरानं मला संध्याकाळी समोर बसवलं. "आई, माझी काय इज्जत राहिली का?"

मी म्हटलं, थांब उद्यापर्यंत.

दुसऱ्या दिवशी सात बायका खाली आल्या. कुणी कुरडया आणल्या, कुणी पापड, एक तर नुसतंच ऊन खायला आली. एकाच मजल्यावरच्या दोघी, तीन वर्षं समोरासमोर दार, आणि एकमेकींचं नाव मला विचारत होत्या. आठवड्याभरानं संदीप म्हणाला, "आई, माझ्या शेजारी कोण राहतंय मला माहीत न्हाई. तू त्यांच्या सुनेच्या डोहाळेजेवणाचा मेनू ठरवून आलीस."

मोठ्या शहरात माणसं कमी नसतात. एकत्र वाळत घालणारं कुणी नसतं.

* * *

मागं संदीप महिनाभर घरनं काम करायला आला होता. घरात नेट चालेना म्हणून लॅपटॉप घेऊन माझ्या बाकड्यावर. बेंगळुरूचा साहेब, अकरा माणसं, सगळ्यांची तोंडं चौकटीत. तासभर वाद चालला होता. मी वडे काढता काढता विचारलं, "कुणी गेलं का?"

"न्हाई गं. बटन उजवीकडं ठेवायचं का डावीकडं, ते ठरंना."

"दोन्हीकडं लावा आणि माणसं कुठलं दाबत्यात बघा. मी चटणी तशीच ठरवली. दोन डबे ठेवले, जो लवकर संपला तो ठेवला."

पोरगं लॅपटॉपकडं वळलं. मग मोबाइलच्या भाषेत तेच साहेबाला सांगितलं. साहेब खूश. पुढच्या महिन्यात संदीपला कंपनीनं सर्टिफिकेट दिलं, हसऱ्या चेहऱ्याचं चित्र असलेलं. ते मी गाड्यावर लावलंय. कुणाचं म्हणून विचारलं, की सांगते, चटणीचं.

* * *

आता ग्राउंडचं.

दोन वर्षांमागं अण्णांनी ग्राउंडवर नवे बोर्ड, नव्या रिंगा बसवून दिल्या. खोटं कशाला बोलू, दिल्या. उद्घाटनाला फेटे, नारळ, हलगी, सगळं. आणि फोटोसाठी अण्णांनी चेंडू टाकायचा ठरलं.

पहिला रिंगेपर्यंत गेला नाही. तिसरा सरांच्या फेट्यावर. पाचवा माझ्या पोह्यांच्या पातेल्यात. हलगीवाला दर वेळी जोरात वाजवायचा आणि मग हळूच थांबायचा. नवव्याला चेंडू आत गेला. पण फोटोग्राफरनं बटन दाबेपर्यंत तो खाली पडून लांब गेला होता.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. रिंग रिकामी, चेंडू कुठंच नाही, आणि अण्णा दोन्ही हात वर करून उभे. तालमीच्या फुटबॉल टीममधल्या पोरांनी तो फोटो सगळ्या कोल्हापूरभर फिरवला. खाली एवढंच लिहिलं, "अण्णा शरण आले."

तेव्हापासून अण्णांनी ग्राउंडवर पाय ठेवला नाही. माझा वडाही गाडीत बसूनच मागवायचे.

* * *

गेल्या महिन्यात समोरच्या बाजूला काचेची बिल्डिंग उभी राहिली. आयटीवाले येणार म्हणे. कोल्हापूरची पोरं आता पुण्याला जाणार नाहीत, असा फ्लेक्स लागला. मला बरंच वाटलं, संदीप जवळ येईल. पण आयटीवाले येणार म्हणजे त्यांच्या गाड्या येणार, आणि अण्णांनी बोट दाखवलं ते आमच्या ग्राउंडकडं. "पडूनच हाय, कोण खेळतंय तिथं?" असं अर्जात लिहून दिलं. गुरुवारी महापालिकेचे साहेब बघायला येणार असं ठरलं.

सरांनी आठ दिवस उलटे अर्ज केले. बुधवारी येऊन बाकड्यावर बसले, वड्याला हात लावला नाही.

"संपलं, अक्का. निवडीला तीन आठवडे हायत. सानिकाला काय सांगू?"

"उद्या प्रॅक्टिस ठेवा. आणि अलीकडच्या रिंगेवर कुणाला खेळू देऊ नका. पलीकडंच खेळा."

"का?"

"वड्याचं तेल उडतंय."

सरांनी माझ्याकडं बघितलं. पण माझ्याशी वाद घालायचं त्यांनी बावीस वर्षांमागंच सोडलंय.

गुरुवारी सकाळी साहेब आले, टेप घेऊन. बरोबर अण्णा, दोन दांडगे कार्यकर्ते आणि तोच फोटोग्राफर. पोरी पलीकडं खेळत होत्या. अण्णा साहेबांना म्हणाले, "आज मुद्दाम आणल्यात. एरवी चिटपाखरू नसतंय."

सानिकाचं तोंड लाल झालं. मी हातानंच तिला थांब म्हटलं आणि अण्णांना हाक मारली.

"अण्णा, मोडायच्या आधी एकदा चेंडू टाका की. त्या जुन्या फोटोचं लोक अजून काढत्यात. इलेक्शन तोंडावर हाय."

अण्णा थांबले. फोटोग्राफरकडं बघितलं.

फोटोग्राफर म्हणाला, "लगेच खाली पडतोय अण्णा, सापडत न्हाई."

"ह्या खेपेला सापडंल," मी म्हटलं. "आणि लांबनं कशाला टाकताय? गुलालाच्या दिवशी पोरं उचलत्यात तसं उचला म्हणावं."

कार्यकर्त्यांना तेवढी सवय होतीच. दोघांनी अण्णांना खांद्यावर घेतलं. सरांनी चेंडू दिला. अण्णांनी तो अलीकडच्या रिंगेत अलगद सोडला.

चेंडू आत गेला आणि तिथंच बसला.

फोटोग्राफरनं समोरनं काढला, बाजूनं काढला, साहेबांना धरून काढला, पोरींना मागं उभं करून काढला. त्याला जन्मात एवढा वेळ मिळाला नव्हता.

अण्णा खांद्यावरनंच विचारायला लागले, "ह्यो खाली का पडंना?"

"तुमचा हात लागलाय, अण्णा," मी म्हटलं आणि टाळ्या सुरू केल्या. सानिका काहीतरी बोलणार होती, तेवढ्यात सरांनी जोरात शिट्टी मारली. पोरींनी टाळ्या धरल्या. साहेबांनीही धरल्या. अण्णांनी हुकूम सोडला, दोन दिवस चेंडू काढायचा नाही, लोकांना बघू दे.

दुसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स लागला. अण्णा हवेत, चेंडू जाळीत, मागं सानिका आणि सगळ्या पोरी. वर मोठ्या अक्षरात, "कोल्हापूरच्या बास्केटबॉलचे आधारवड." तालमीतली पोरं पण मोबाइल काढून फोटो घेत होती. आता स्वतःच्याच फ्लेक्सखाली पार्किंग कोण करणार? साहेबांनी कागदावर लिहिलं, मैदान वापरात आहे. आयटीवाल्यांच्या गाड्यांना मागच्या बंद गोडाऊनची जागा दिली. अण्णा आता गाडीतनं उतरून वडा खातात, ग्राउंडकडं तोंड करून.

तिसऱ्या दिवशी सर शिडी लावून वर चढले. सानिका खाली शिडी धरून उभी. सरांनी चेंडूला हात घातला, मग जाळी धरून खालून नीट बघितली. बराच वेळ बघितली.

"अक्का," वरूनच म्हणाले, "ही सुतळी तुमचीच न्हवं?"

मी वडा उलटला.

"फाटली होती की."