कोपर वर, कोपर खाली

धकाते मॅडम चहाचा कप दोनदा उचलायच्या. आधी कोपर वर ठेवून कप ओठांपर्यंत न्यायच्या, न पिताच परत बशीत ठेवायच्या. मग कोपर खाली ठेवून पुन्हा उचलायच्या आणि मगच घोट घ्यायच्या. कॉलेजच्या कॅन्टीनवाल्याला कितीतरी दिवस वाटत होतं की आपलाच चहा फार गरम असतो. मी हा प्रकार पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला हसू आवरेना.

"काहून हासून राहिली वं?" मॅडम म्हणाल्या. "कप तोच, तोंडही तेच. पण हाताले तिथं पोचाचे रस्ते दोन आहेत. दोन्ही बरोबर."

नागपूरच्या आमच्या इंजिनीअरिंग कॉलेजात रोबोटचा हात हा विषय त्या शिकवत, आणि तोही फक्त कॉम्प्युटरच्या पडद्यावर, कारण खरा हात कॉलेजकडे नव्हता. पडद्यावर काळ्या पोकळीत तीन निळ्या दांड्या जोडलेल्या असत आणि समोर एक केशरी गोळा. त्या गोळ्याला मॅडम संत्रं म्हणत. सांधे अमुक इतके वळवले तर हात कुठे जाईल, हे गणित सोपं होतं. उलटं गणित मात्र घाम काढायचं: संत्रं इथे आहे, तर खांदा किती वळवायचा आणि कोपर किती? आम्ही आकडे भरायचो आणि हात भलतीकडेच जायचा. कधी स्वतःच्याच खांद्यात घुसून बसायचा. मॅडम मागे येऊन उभ्या राहायच्या.

"पोचला का वं?"

"नाही मॅडम. मुद्दाम करतो हा!"

"त्याच्यावर चिडू नको. तू सांगतलं तेच त्यानं केलं."

हे वाक्य त्या पोरांनाही ऐकवत, फक्त तिथे 'वं'चा 'गा' व्हायचा. त्या कुणाला मूर्ख म्हणाल्याचं मला आठवत नाही. हात चुकला की आकडे पुन्हा तपासायचे, एवढंच.

मॅडम कोष्ट्यांच्या घरातल्या. लग्न केलं नव्हतं. इतवारीच्या पलीकडच्या एका गल्लीत भाऊ-वहिनीबरोबर राहायच्या. घरातला माग केव्हाच गेला होता. मागाचा खड्डा बुजवून वर फरशी बसवली होती आणि बरोबर त्याच जागी मॅडमचा कॉम्प्युटर होता. मी एकदा शंका विचारायला गेले तर दोन तास तिथेच अडकले. वहिनी पोह्यांची बशी पुढे ठेवत म्हणाल्या, "खाऊन घे वं पोरी. हिचं का, हिचं जेवणई पडद्यावरच होत असन!" मॅडम हसल्या, पण नजर पडद्यावरून हलली नाही.

त्याच दिवशी मी विचारून टाकलं, "मॅडम, तुम्ही खरा हात कधी चालवलाय?"

त्या म्हणाल्या, "नाही वं. व्हिडिओत पाहिला. पण एकडाव आपल्या आकड्यानं तो खराखुरा हालला पाहिजे. बस, एकडाव. मंग रिटायर झाली तरी चालते."

आमच्या शेवटच्या वर्षी तो योग आला. हिंगण्याच्या एका कारखान्याने जुना झालेला हात कॉलेजला देऊन टाकला. पिवळा रंग जागोजागी उडालेला, पण हात चांगला धडधाकट होता. मॅडमनी तो स्वतः ओल्या फडक्याने पुसला. लगेच उद्घाटन ठरलं: संस्थेच्या अध्यक्षांसमोर हात टेबलावरचं संत्रं उचलणार आणि त्यांच्या हातात देणार. मॅडम प्राचार्यांना म्हणाल्या, "सर, आठ दिवस चालवून पाहू द्या." प्राचार्य म्हणाले, "एवढी वर्षं हेच शिकवताय ना मॅडम? अध्यक्षांची वेळ पुन्हा मिळायची नाही." मॅडम हो म्हणाल्या. तिथे त्यांनी हट्ट धरायला हवा होता असं मला अजून वाटतं. पण हट्ट धरणं त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं.

आकडे त्यांनी पडद्यावर पुन्हा पुन्हा तपासले. हात दरवेळी अचूक पोचत होता. संत्रं आणायचं काम माझ्याकडे होतं, कारण मी संत्र्यांच्या काटोलची. सकाळच्या बसमध्ये ते मांडीवर धरून आणलं.

हॉल भरला होता. मॅडम हातमागाची जांभळी साडी नेसून आल्या होत्या. त्यांनी बटण दाबलं. हात वळला, वाकला, आणि आम्ही टाळ्या वाजवायला हात उचलले. तेवढ्यात त्याचं कोपर खाली जाऊ लागलं. गणिताने दिलेल्या दोन उत्तरांपैकी कोपर खाली ठेवणारं उत्तर निघालं होतं. पडद्यावर कोपराखाली पोकळी होती, त्यामुळे तिथे ते कधीच अडलं नव्हतं. इथे टेबल होतं. कोपर टेबलावर आपटलं, मनगटातून कट् असा आवाज आला आणि पंजा लोंबत राहिला. संत्रं घरंगळत थेट अध्यक्षांच्या खुर्चीखाली गेलं.

मॅडम खाली वाकल्या, संत्रं उचललं, पदराने पुसलं आणि अध्यक्षांच्या हातात ठेवलं. "घ्या साहेब. पोचलं."

लोक हसले. अध्यक्षही हसले, आणि निघताना प्राचार्यांना म्हणाले, "मॅडमचं ते पडद्यावरच बरं आहे." मॅडम चार पावलांवर उभ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी आमच्या पडद्यावरच्या काळ्या पोकळीत एक राखाडी टेबल आलं होतं. "आधी टेबल आखा," मॅडम म्हणाल्या. "मंग बाकीचं." नंतरच्या सगळ्या वर्गांना त्यांनी सुरुवात टेबलापासूनच करायला लावली. खरा हात कोपऱ्यात गेला आणि त्यावर जुनी चादर पडली. दुरुस्तीसाठी कुणाला तरी बोलावू या, असं मी म्हटलं. "नको वं," त्या म्हणाल्या, "मीच मोडला तो. आता कोणत्या तोंडानं पैसे मांगू?" त्या दिवसापासून त्या कप एकदाच उचलू लागल्या, कोपर वर ठेवून. कॅन्टीनवाला म्हणाला, आता चहा बरोबर जमतोय वाटतं. मला मात्र ते बघवेना.

त्यांनी शिकवलेल्या त्याच गणितावर मला पुण्यात खऱ्या हातांवर काम करायची नोकरी मिळाली. फोन केला की पहिला प्रश्न ठरलेला: "पोचला का वं?" या ना मॅडम बघायला, मी दरवेळी म्हणायची. "येते ना. रिटायर तं होऊ दे." त्या रिटायर झाल्या, आणि त्याच हिवाळ्यात एका सकाळी वहिनींचा फोन आला. झोपेतच गेल्या, म्हणाल्या.

त्यानंतर वर्षभराने माझ्या हातून आमच्या कंपनीतला हात आपटला. पडद्यावर टेबल मी आखलं होतं. कॅमेऱ्याचा खांब आखायचा राहिला होता. मनगटातून तोच आवाज आला, कट्, आणि पंजा तसाच लोंबला. आता नोकरी गेली, असंच मी धरून चालले. आमचे साहेब आले, झाकण उघडून आत डोकावले आणि म्हणाले, "अगं, मनगटाचा पट्टा तुटलाय नुसता." जेवणाच्या सुट्टीपर्यंत हात पुन्हा चालू झाला. मी अजून तिथेच उभी होते. फडक्याला आपले हात पुसता पुसता ते म्हणाले, "चेहरा काय पाडतेस? पहिल्यांदा सगळ्यांचाच आपटतो. माझा तर दोनदा आपटला होता."

मी बाहेर जाऊन खूप रडले. नागपूरला त्या चादरीखाली तो हात इतकी वर्षं पडून राहिला, आणि त्याला हवा होता फक्त एक पट्टा. मॅडमना हवं होतं हे एवढं एक वाक्य.