माझं आठ पौंडांचं शिखर

“गोखलेदा, तुमचं हे शिखर आलं कुठून?” समरेश मित्रने भर मीटिंगमध्ये विचारलं. मी याच प्रश्नाची वाट बघत होतो.

कलकत्त्याला आमची तागाची प्रयोगशाळा. तागात पाणी किती, तेल किती, यावर सुताची ताकद ठरते. चाचण्या जमतील तशा व्हायच्या, त्यामुळे त्यांचे ठिपके कागदभर विखुरलेले. त्यांवर चादर टाकावी तसा गुळगुळीत पृष्ठभाग काढायचा. जितकी ताकद, तितकी उंची; सर्वांत उंच टोक म्हणजे उत्तम मिश्रण. अकरा वर्षं हे काम मी फ्रेंच कर्व्ह म्हणतात ती वळणदार पट्टी आणि पेन्सिल घेऊन केलं. मग समरेश आला. पंचवीस वर्षांचा. कार्डं पंच करून कॉम्प्युटरला द्यायचा आणि प्लॉटर जाळीदार डोंगर काढून द्यायचा. डायरेक्टरसाहेब तो डोंगर पाहुण्यांना दाखवत. माझा नुसता जळफळाट! खोटं कशाला बोलू?

आता तागाच्या गिरणीला अशा पृष्ठभागाचा एकच नकाशा जायचा होता. ज्याचा जाईल, त्याच्याकडे पुढचं सगळं काम. समरेशच्या डोंगराला एका कोपऱ्यात चढच नव्हता. माझ्याकडे तिथेच आठ पौंड भार सोसणारं सूत होतं.

“तुझ्या मशीनने शिखराला इस्त्री केली रे,” मी म्हणालो. साहेब हसले. काय गार वाटलं म्हणून सांगू!

समरेशने फाइलमधून त्या चाचणीची मूळ चिठ्ठी काढली. त्या दिवशी चाचणी घ्यायला जुने मदतनीस हरिपददा एकटेच होते, चाचणीही एकच झाली होती.

“दादा, हा आठ नाही. बंगाली चार आहे.”

बंगाली चार हुबेहूब इंग्रजी आठासारखा दिसतो; एरवी चिठ्ठ्यांवर आकडे इंग्रजीत असत. रजिस्टरात तो मीच आठ म्हणून उतरवला होता. समरेशने कार्डं मूळ चिठ्ठ्यांवरून पंच केली होती. सगळ्यांत कच्चं सूत, आणि मी त्यावर शिखर बांधलं!

“हरिपददांचं अक्षरच तसं आहे,” समरेश साहेबांना म्हणाला. अक्षर मोत्यासारखं होतं. मेल्याने मला सांभाळून घेतलं, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

नकाशा त्याचा गेला. कामही.

घरी बायकोला सांगितलं. ती इथेच, कलकत्त्याच्या बागबाजारात जन्मलेली, वाढलेली.

“लग्न झाल्या झाल्या म्हटलं होतं, बंगाली लिहायला शिकवते. काय म्हणाला होतात?”

“आकडे सगळीकडे सारखेच.”

समरेशवर जळायला मला रोज वेळ होता. चार शिकायला अकरा वर्षांत मिळाला नाही.