साडूभाऊंनी गोळी बदलली

माझ्या थोरल्या साडूंइतका निर्लज्ज माणूस पिंपरी-चिंचवडच्या हद्दीत दुसरा नाही, आणि हे मी पूर्ण आदराने लिहितो आहे. लोक जे चार कपड्यांत गुंडाळून ठेवतात ते हा गृहस्थ भर पंगतीत उघडून बसतो. लग्न असो नाहीतर बारसं, जेवण उरकत आलं की साडूभाऊ खिशातून गोळ्यांची पट्टी काढणार, उजेडाकडे धरून न्याहाळणार आणि शेजाऱ्याने आपुलकीने "बीपी का?" असं विचारलं की मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगणार, "नाही ओ, डोक्याची. स्किझोफ्रेनिया आहे मला. तुम्हाला काय आहे?" शेजाऱ्याचा घास तिथेच अडकतो. एकदा तर नवरदेवाचे काका हे ऐकून पानावरून उठून दुसऱ्या पंगतीत जाऊन बसले. साडूभाऊंनी शांतपणे त्यांच्या पानातली न उष्टावलेली जिलबी आपल्या पानात घेतली. साखरेची गोळी घेणारे आपली साखर जावयासारखी मिरवतात, मग डोक्याच्या गोळीनेच तेवढं कागदात गुंडाळून का यायचं, हा त्यांचा सवाल आहे.

साडूभाऊ मूळचे लातूरकडचे, राहायला थेरगावात, नोकरी चाकणच्या एका कंपनीत प्रेस शॉपला, म्हणजे पत्रा दाबून आकार देणाऱ्या मशीनवर. ऐन पंचविशीत त्यांच्या कानात दोघेजण राहायला आले. एक सारख्या शिव्या द्यायचा आणि दुसरा हजेरी घ्यायचा. "शिव्यावाला परवडला," ते सांगतात, "हजेरीवाला लई छळायचा." गोळी सुरू झाली आणि दोघांनीही गाशा गुंडाळला. लग्नाआधी मुलीकडच्यांना त्यांनी हे सगळं सांगितलं होतं. आमच्या सासूबाईंना मात्र आजही वाटतं की जावयाने तो विनोद केला होता. पुढे एकदा, बरं वाटतंय म्हणून, त्यांनी आपल्याच मनाने गोळी सोडली. थोड्याच दिवसांत ते मोशीजवळ हायवेच्या मधोमध अनवाणी उभे राहून ट्रकवाल्यांची हजेरी घेताना सापडले. या गोष्टीला मी हसू शकत नाही. तेव्हापासून ताईंची, म्हणजे माझ्या थोरल्या मेव्हणीची, झोप उडाली. साडूभाऊंनी नुसती कूस बदलली तरी त्या उठून बसायच्या आणि ते कुणाशी बोलत तर नाहीत ना, याचा कानोसा घ्यायच्या.

अशा घरात डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की गोळी बदलू या. जुन्या गोळीने आवाज बंद ठेवले होते, पण वजन वाढवलं होतं आणि साखरही चढवली होती. नवी गोळी थोडीथोडी वाढवायची, जुनी तितक्याच सावकाश उतरवायची, आणि मध्ये काही बिनसलं तर त्याच दिवशी कळवायचं, असं ठरलं. ताईंचा चेहरा उतरला. नातेवाइकांत लगेच दोन पक्ष पडले. चाललंय ते चालू द्या, असं एक म्हणे. आता बरे आहात तर नवी-जुनी दोन्ही सोडा, असं दुसरा म्हणे. दोन्ही पक्षांनी घरी येऊन चहा मात्र दोनदोनदा घेतला. साडूभाऊंनी सगळ्यांना एकच उत्तर दिलं. "शिफ्ट सुटली म्हणून चालू मशीन टाकून कुणी पळतंय का ओ? रिलीव्हर येतो, मशीनवर त्याचा हात बसतो, मग जुना माणूस निघतो. मधी मशीन मोकळी सोडली की कुणाचा तरी हात जातोच." इथे काय जाईल, ते मोशीच्या हायवेवर आम्ही सगळ्यांनी पाहिलेलं होतं.

बदल होईपर्यंत झोप मोडायची नाही, म्हणून साडूभाऊंनी फक्त पहिली शिफ्ट मागितली आणि अर्जात कारण लिहिलं, अगदी स्पेलिंगसकट. सुपरवायझर चाकणजवळच्याच गावचे, मनाने चांगले. ते हादरले. "आवो, कावीळ लिवा की," ते म्हणाले. "डोक्याचं लिवलं की वरची लोकं घाबरत्यात. आमी घिऊ सांभाळून."

"कावीळ नाही मला."

"आन् नोकरी गेली तर?"

"तर ज्यानं काढलं त्यानं लाजावं. मी कामून लाजू?"

अर्ज तसाच वर गेला आणि मंजूर होऊन आला. प्रेसवरून काढून त्यांना काही दिवस तपासणीच्या टेबलावर बसवलं, ते मात्र त्यांना स्वतःलाच पटलं.

पण बसतो कोण? नव्या गोळीने पायाला भिंगरी लावली. साडूभाऊ उभ्याने जेवू लागले, उभ्याने टीव्ही बघू लागले. डांगे चौकात त्यांनी इतक्या फेऱ्या घातल्या की हा महापालिकेचा माणूस असावा असं समजून भाजीवाल्यांनी हातगाड्या मागे घेतल्या. ताई पार घाबरून गेल्या. साडूभाऊंनी चालता चालताच डॉक्टरीणबाईंना फोन लावला, "बाई, डोकं ठीक आहे, पाय ऐकत नाहीत." बाईंनी नव्या गोळीची घाई कमी केली, बदल आणखी लांबवला, आणि हळूहळू पाय वळणावर आले.

लेकीच्या मदतीला म्हणून याच सुमारास सासूबाई तळेगावहून आल्या आणि त्यांनी घर आवरायला घेतलं. गुरुवार होता, कंपनीला सुट्टी, मीही तिथेच होतो. साडूभाऊंनी जुनी पट्टी शोधायला सुरुवात केली तशा सासूबाई म्हणाल्या, "नवी आली न्हवं? मंग जुनी कशापायी? दिली आत्ताच घंटागाडीत टाकून."

साडूभाऊ बनियनवरच सुटले. मागोमाग मी. गाडी गाणं वाजवत कोपऱ्यावर पोचली होती. "थांबवा!" साडूभाऊ ओरडले, "माझ्या गोळ्या गेल्यात त्यात!"

"कसल्या गोळ्या?" ड्रायव्हरने डोकं बाहेर काढलं.

"स्किझोफ्रेनियाच्या!"

सगळ्या गॅलऱ्या भरल्या. ताईंनी इतकी वर्षं सोसायटीत बीपीची गोळी म्हणून सांगितलं होतं. मी साडूभाऊंच्या कानाशी लागलो, "अहो, मेडिकलमध्ये मिळतील की." ते कोपरापर्यंत ओल्या कचऱ्यात होते. "मिळतील. खायला नवीनच आणणार. पण हिनं मला माणसात ठेवलंय राव, हिला मी कचऱ्यात जाऊ देणार नाही." मेथीच्या काड्यांत पट्टी सापडली. तोवर ताई जिना उतरून आल्या होत्या. आता या नवऱ्याला ओढून घरात नेणार, असं मला वाटलं. त्यांनी पट्टी हातात घेतली, ओढणीने पुसली आणि गॅलऱ्यांकडे मान वर करून म्हणाल्या, "बघून झालं का सगळ्यांचं? डोक्याचीच आहे. बीपी मी आपलं उगाच सांगत होते."

जुनी गोळी पूर्ण थांबली, त्यानंतर बऱ्याच दिवसांनी एका दुपारी मी गेलो. साडूभाऊ खुर्चीत बसले होते, चक्क बसले होते, आणि शर्ट अंगावर सैल झाला होता. बोलता बोलता ते एकदम थबकले. मान वाकडी करून ऐकू लागले आणि चेहरा पांढरा पडला.

"राव," ते हळूच म्हणाले, "तुम्हाला पण ऐकू येतंय ना?"

मी कान दिला. आतल्या खोलीत, भर दुपारी, दार सताड उघडं टाकून ताई घोरत होत्या.

"येतंय," मी म्हणालो.

"म्हणजे खरंच झोपली," ते म्हणाले आणि त्यांचे डोळे भरून आले. माझेही आले. त्यांनी उठून टीव्ही बंद केला आणि आम्ही दोघे बिनचहाचे बसून बराच वेळ ते घोरणं ऐकत राहिलो.