चिलारीचं कुंपण

इनासकाकांना मी पहिल्यांदा पाहिलं ते पाठमोरं. नंदाखाल गावच्या रस्त्यात मधोमध उकिडवे बसून ते काहीतरी वेचत होते. रविवारची सकाळ, अंगात चर्चमध्ये मिस्सेला जायचा पांढरा सदरा आणि शेजारी दूध पावडरचा रिकामा डबा. मी घंटी वाजवली. वळूनही न बघता ते म्हणाले, "थांबा. चाक पुढं टाकू नका." कुणी सांगितलं म्हणून थांबायचं, तर आपला मान कुठे राहिला? मी चाक पुढे टाकलं आणि वळण यायच्या आत मागचा टायर बसला.

तेव्हा मी मनवेलपाड्यात फ्लॅट घेऊन नुकताच राहायला आलो होतो. डॉक्टरांनी वजन उतरवा म्हणून दम भरल्यावर एक जुनी रेसिंग सायकल विकत घेतली होती, बारीक टायरची. वजन काही उतरत नव्हतं, टायर मात्र दर रविवारी उतरायचा. काकांनी मला एका शब्दानंही टोमणा मारला नाही. सायकल त्यांच्या फाटकासमोर उलटी केली, ट्यूब काढली, ठिगळ लावलं. मी ती परत घालू लागलो तर त्यांनी माझा हात धरला.

"काटा कुठं आहे?"

"पडला असेल कुठेतरी."

"पडत नसतो तो. टायरमध्ये बसून नव्या ट्यूबची वाट बघतोय. काटा हातात आल्याशिवाय ट्यूब घालायची नाय."

मग कापसाचा बोळा त्यांनी टायरच्या आतून हळूहळू फिरवला. एका जागी कापूस अडकला. तिथून चिलारीच्या काट्याचं टोक निघालं.

त्या दिवसापासून दर रविवारी मिस्सा आटोपली की आम्ही दोघं निघायचो, आगाशी, निर्मळ, कधी भुईगावपर्यंत. त्यांची सायकल माझ्याहून जुनी होती, पण ती बसलेली मी कधी पाहिली नाही. निघण्यापूर्वी दोन्ही टायर अंगठ्यानं दाबून बघायचे. "हवेची रोज चौकशी करायची. घरच्या म्हाताऱ्या माणसाची करतो तशी." खड्डा आला की सीटवरून उठायचे आणि मलाही उठवायचे, "तुमचं वजन पायांवर घ्या, ट्यूबवर टाकू नका." माझ्या वजनाचा विषय निघालाच तर तो एवढाच निघायचा. काचेवरून चाक गेलं तर लगेच उतरायला लावत. काच आधी नुसती चिकटते, आत शिरायला तिला वेळ लागतो, तेवढ्यात तिला पुसून काढायची, असं त्यांचं म्हणणं.

सायकलच्या दांडीला त्यांनी खराटा बांधलेला असायचा. वाडीवाले चिलारीचं काटेरी कुंपण छाटतात, फांद्या उचलतात, बारीक काटे तसेच टाकून घरी जातात. ते काटे काका झाडायचे, आपल्या कुंपणाचे आणि दुसऱ्यांच्याही. गावात त्यांना 'म्युनिसिपालटी' म्हणत. फिलूकाकू म्हणजे त्यांची बायको. ती माझ्यासमोर म्हणायची, "घरात कधी केरसुणीला हात लावला नाय या माणसानं." काका हसायचे. घरात दोघं आपल्या सामवेदी बोलीत बोलायचे, मी दिसलो की शाळेतल्या मराठीवर यायचे.

एकदा पंप शोधायला मी त्यांच्या पडवीमागच्या खोलीत गेलो. तिथे खताच्या गोणीमागे एक पितळी कप पडला होता, काळा पडलेला. गावच्या सणाच्या सायकल शर्यतीचा पहिला नंबर, खाली काकांचं नाव. "हा इथे का?" मी विचारलं. काकांनी कप उचलून घेतला. मग गोणीवर बसले.

त्या वर्षी पहिल्या येणाऱ्याला एका कारखान्याच्या सायकल संघात घेणार होते. संघात म्हणजे कायमच्या नोकरीत. सगळ्यांत वेगवान होता तो बस्त्याव, त्यांचा लहानपणापासूनचा मित्र. दोन वाड्या सोडून त्याचं घर.

"आदल्या संध्याकाळी आमचं कुंपण मीच छाटलं. शर्यत तिथूनच जाणार होती. झाडायला खराटा हातात घेतला. मग ठेवून दिला."

"का?"

"तेच मला अजून कळलं नाय. दमलो म्हणून ठेवला, की बस्त्याव पुढं जाणार म्हणून ठेवला. मला काटे कुठं पडलेत ते ठाऊक होतं, मी कडेनं गेलो. बस्त्याव पुढं होता. आमचं कुंपण मागं टाकलं आणि त्याचं चाक बसलं. मी त्याच्या बाजूनं निघून गेलो."

काका कारखान्यात लागले. बस्त्याव वाडीत राहिला, केळी आणि मोगरा करत. पाणी शिंपून शिंपून त्याची पाठ वाकली. दोघांची दोस्ती मात्र तशीच होती, रोजचा चहा एकत्र. तो चहा काकांना कसा जात असेल, असं मला तेव्हा वाटलं.

"फादरना सांगितलंत?"

"केलेलं पाप सांगता येतं. झाडलं नाय, हे कसं सांगायचं?"

"मग बस्त्यावना सांगा."

"तो माफ करेल. मग मी काय करू?"

मी गप्प राहावं असं त्यांनी वचन घेतलं आणि मी ते पाळलं. बस्त्याव मला दर रविवारी भेटायचे. त्या शर्यतीत नेमकं काय झालं, एवढा साधा प्रश्न विचारायला वचन आड येत नव्हतं. मी कधी विचारला नाही. दुसऱ्याचं गुपित सांभाळतोय याचाच मला अभिमान होता.

पुढे काका आजारी पडले आणि त्यातून उठणार नाहीत हे सगळ्यांना कळलं. मी त्यांच्या मागे लागलो, एकदा बोलून मोकळे व्हा. शेवटी ते म्हणाले, "बोलवा त्याला." बस्त्याव आले, खाटेशेजारी स्टुलावर बसले. काकांनी सगळं सांगितलं, खराटा हातातून ठेवला तेही. बस्त्यावनी स्टूल खाटेजवळ ओढलं. मग म्हणाले, "माफ केलं, इनास." काकांनी डोळे मिटले. त्यांचा चेहरा इतका सैल पडलेला मी कधीच पाहिला नव्हता.

अंगणात आल्यावर बस्त्याव मला म्हणाले, "काट्यानं नव्हतं बसलं ते चाक."

मला समजेना.

"काटा बाहेरून शिरतो. माझ्या ट्यूबला भोक आतल्या बाजूला होतं, रिमकडून. स्पोकचं टोक लागलं. रिमवर स्पोकची टोकं झाकणारी पट्टी बसवायची मीच विसरलो होतो. लोक बोलले, काटा लागला. मी पण मान हलवली. पट्टी विसरलो असं चारचौघांत कोण सांगेल?"

"मग आत्ता का नाही सांगितलंत?"

"तो कशासाठी झाडतो ते मला आज कळलं. इतकी वर्षं झाडला त्यानं रस्ता. आता मरताना सांगू, फुकट झाडलास म्हणून?"

आत जाऊन सांगू या, असं मी म्हणालो. पण पाऊल उचललं नाही. त्यानंतरही काका काही दिवस होते. मी रोज जात होतो. ते माझा हात हातात घेऊन म्हणायचे, "तुमच्यामुळं झालं हे," आणि मी त्यांच्या उशाशी बसून आभार ऐकून घ्यायचो. जिभेवर आलेलं गिळायचो. त्यांना बरं वाटतंय, कशाला मोडायचं, अशी समजूत मी काढली. खरं तर त्या सैल चेहऱ्याचं श्रेय मला सोडवत नव्हतं.

खराटा त्यांनी ठेवून दिला होता हे खरंच आहे. पण बस्त्यावची शर्यत, बस्त्यावची नोकरी, यातलं काहीही त्यांनी घेतलेलं नव्हतं. काकांच्या मातीच्या दिवशी बस्त्याव आणि मी एकमेकांकडे बघितलं नाही. जो अपराध इनासकाकांनी केलाच नव्हता, त्याची माफी देऊन आम्ही दोघांनी त्यांना पाठवलं.