पाटलाच्या घरातला चोर

घाटात विजेची इंजिनं यायच्या आधीची ही गोष्ट. कर्जतला गाडी थांबली की घाट चढण्यासाठी तिला जादा इंजिन जोडत, आणि ते बघायला माझा थोरला भाऊ शाळा बुडवून जायचा. तो चौदा-पंधराचा असेल, मी त्याच्याहून लहान. इंजिनात कोळसा टाकणाऱ्या कुणीतरी एकदा उरलेली बिडी त्याच्यापुढे धरली, आणि दादा एका झुरक्यात मोठा झाला. पेंढ्याच्या उडवीमागे बसून तो नाकातून धूर काढायचा सराव करी आणि मला पहाऱ्याला बसवी. ठसक्याने त्याच्या डोळ्यांना धारा लागत.

"दादा, यात मजा काय हाय?" मी विचारलं.

"तुला नाय कळायचं गं," तो डोळे पुसत म्हणाला.

बिडीवरून गडी ताडीवर कधी गेला ते समजलं नाही. संध्याकाळी तो पेरूची पानं चघळत घरी यायला लागला. आईला वाटलं पोराची दाढ दुखते; ती बिचारी लवंग शोधायची. मला मात्र पेरूमागचा तो आंबूस वास बरोबर यायचा.

त्याच सुमारास गावात चोऱ्या सुरू झाल्या. आधी कोंबड्या गेल्या, मग कुणाची पितळी कळशी. आमचे वडील गावचे पोलीस पाटील, म्हणून सगळ्या तक्रारी आमच्याच ओटीवर यायच्या. दादा खांबाला टेकून त्या ऐकायचा आणि वर हळहळायचाही.

शेजारच्या म्हातारीचं तांब्याचं घंगाळ गेलं, तेव्हा मात्र गावाने चोर ठरवूनच टाकला. आमची गुरं राखणारा कातकरवाडीतला मुलगा, दादाच्याच वयाचा. त्याला धरून आमच्या ओटीवर बसवलं. कर्जतहून जमादार आला. कातकऱ्याचं पोर, एवढाच काय तो पुरावा.

मागोमाग त्याची आई आली. डोक्यावरची मोळी तिने अंगणात टाकली आणि वडिलांना म्हणाली, "पाटील, पोर तापानं पडला व्हता. उठायची ताकद नाय त्याला. म्हातारीच्या घरात कवा जाईल?"

लोक हसले. जमादार म्हणाला, "चार फटके बसले की आपोआप बोलेल."

मी दादाकडे बघितलं. आता बोलेल, मग बोलेल, म्हणून वाट पाहिली. तो पायाचं नख खरवडत राहिला. शेवटी मीच बोलले.

"बा, त्यानं नाय घेतलं. दादाच्या तोंडाला रोज ताडीचा वास येतो. त्याला पैसं कुठनं मिळतात?"

वडिलांनी दादाला जवळ बोलावलं. "तोंड उघड." त्याने उघडलं, तर जिभेवर पेरूचं पान. कुणीतरी खुसकन हसलं. वडील हसले नाहीत.

"घंगाळ कुठं हाय?"

"स्टेशनामागं. गुत्त्यात."

जमादाराचा आवाज एकदम मऊ झाला. "घरचं पोर हाय पाटील. मिटवून टाकू."

"मगाशी फटके म्हणत होता," वडील म्हणाले. "ते आता कुठं गेले?"

जमादार पागोटं सारखं करत बसला. वडिलांनी त्या मुलाला स्वतः हात देऊन उठवलं आणि त्याच्या आईपुढे हात जोडले.

"हात नका जोडू," ती म्हणाली. "पोराला कायतरी खायला घाला. सकाळपासून उपाशी हाय."

आई धावत पेज घेऊन आली. तो प्यायला, आणि मायलेक मोळी उचलून निघून गेले. पुन्हा तो आमच्या गुरांमागे आला नाही. वडील दोनदा वाडीवर बोलवायला गेले. त्याच्या आईने दोन्ही वेळा नाही म्हटलं.

घंगाळ दादाने भर दुपारी डोक्यावरून आणलं, वाटेतल्या भिसेगावातून. मागे वडील. कुणी विचारलं तर दादानेच सांगायचं, "मी चोरलं होतं." वाटेत विचारणाऱ्यांना तोटा नव्हता. गुत्तेवाल्यालाही वडिलांनी जमादारासमोर बजावलं: पोरांना ताडी दिलीस तर परवाना राहायचा नाही. म्हातारीने घंगाळ चिंचेने घासलं आणि रोज ते भरायचं काम दादाच्या गळ्यात घातलं. पाणी भरताना तो तिच्या शिव्या खायचा आणि नंतर तिच्या हातची भाकरी.

एवढ्याने तो सुधारला असं नाही. पुढे दोनदा तरी पिऊन आला. मग वडिलांनी त्याला लोधिवलीला मामाकडे ठेवलं. मामा पहाटे नांगराला जुंपायचा तो दिवस मावळल्यावर सोडायचा. ताडी सुटली. बिडी सुटली नाही, ती शेवटपर्यंत राहिली.

माझ्याशी तो बरेच महिने बोलला नाही. पुढच्या पावसाळ्यात लावणीला घरी आला तेव्हा आम्ही एकाच खाचरात रोपं लावत होतो. मान वर न करता तो म्हणाला, "मी बोललोच नसतो गं त्या दिवशी. त्याला मार बसला असता तरी."

मी माझ्या हातातली अर्धी जुडी त्याला दिली.