गार पाण्यातला नमदा

लोणावळ्याजवळ कुरवंड्यात एका ताईकडे मी नमदा लाटायला जाते. नमदा म्हणजे न विणलेलं लोकरीचं कापड. पिंजलेल्या लोकरीचे पातळ थर आडवे-उभे मांडायचे, वर साबणाचं कढत पाणी टाकायचं आणि चटईत गुंडाळून पुढं-मागं लाटत राहायचं. मग लोकर लोकरीला धरते. ताई रंगीत लोकर मांडून भिंतीवर लावायची चित्रं करते. डोंगर, धुकं, भातखाचरं. मला त्यातलं काही कळत नाही, पण काम उभ्यानं आहे. आधी मी बंगल्यांच्या फरश्या पुसायचे, ते आता गुडघ्यांना जमत नाही. हे काम सुटलं तर घरी बसावं लागेल, आणि घरी सून आहे.

कामाला लागून आठवडाच झाला होता, तोवर नुसती लोकर पिंजत होते. ताईनं लोणावळ्यातल्या एका हॉटेलासाठी दरवाजापेक्षा मोठं चित्र मांडलं आणि दोन दिवस पुण्याला गेली. जाताना म्हणाली, "मावशी, पाणी कढत घ्या. जोर लावून लाटा."

मी व्हय म्हटलं आणि गार पाणी घेतलं. लग्नानंतर पहिल्याच वर्षी मी सासऱ्यांचं घोंगडं कढत पाण्यात धुतलं होतं. ते आटून पोत्याएवढं झालं. सासू आल्यागेल्याला दाखवायची, "बघा, सुनंनं मांजराला घोंगडं केलंया." तेव्हापासून लोकरीला कढत पाणी लावायचं नाही, हे डोक्यात पक्कं. वाटलं, पोरगी शिकलेली असली तरी तिला हे कुठून माहीत असणार! चित्र आटलं तर बोल मला लागायचा. दोन दिवस मन लावून लाटलं.

ताईनं आल्या आल्या चित्राला मोजायचा टेप लावला. "मावशी, हे आटलंच नाही."

"आटू दिलंच न्हाई मी."

तिनं एक टोक उचललं आणि चित्र मधोमध विरलं. धुक्याच्या जागी भोक.

"अहो, आटल्याशिवाय घट्ट कसं होणार? म्हणून तर मोठं मांडलं होतं!"

"मग तसं सांगायचं व्हतं."

"कढत पाणी म्हटलं होतं ना मी?"

म्हटलं होतं. हॉटेलवाले दुसऱ्या दिवशी संध्याकाळी येणार होते. ती स्टुलावर डोकं धरून बसली.

"उद्यापास्नं येऊ नको का?" मी विचारलं.

"आधी पाणी तापवा."

भोकावर तिनं पांढऱ्या लोकरीचे नवे थर मांडले. मी कढत पाणी ओतलं आणि लाटलं. हात लाल झाले. चित्र बोटबोट आटत गेलं, तरी हात थांबवला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी दोघींनी दोन टोकं धरून ते उचललं.

"ओढा," ती म्हणाली. मी ओढलं.

"अजून."

भिंतीला पाय लावून ओढलं. तुटलं नाही. धुकं मात्र तिला हवं होतं त्यापेक्षा जाड झालं.

तिनं तिच्या हातातलं टोक खाली ठेवलं. "हॉटेलला हे चालेल. उद्या लवकर या. दुसरं मांडायचंय."

उद्या माझा दवाखान्याचा दिवस होता. तो मी पुढं ढकलला.