हातात कळ्या, मान खाली

जानेवारीतला दुसरा शनिवार. शाळेला सुट्टी होती. सोमवारी नव्या समुपदेशक बाई रुजू होणार, म्हणून तळमजल्यावरची खोली आवरायला मी एकटीच आले होते. कपाटात निघालं ते एवढंच : एक चटई, पाणी मारायची बाटली आणि गजऱ्यासाठी केळीच्या सोपाच्या, म्हणजे खोडाच्या सालीच्या, वाळक्या दोऱ्यांची जुडी. नलूबाईंचा सगळा संसार.

त्यांना जाऊन महिना उलटून गेला. होळी गावातल्या आपल्या वाडीत सकाळी फुलं खुडता खुडता त्या खाली बसल्या, त्या उठल्याच नाहीत. त्यांच्या जावेचा फोन आला तेव्हा मी दळणाचा डबा घेऊन जिना उतरत होते. ‘‘बाई, आमची नलू...’’ एवढंच ती बोलली. डबा वॉचमनकडे ठेवून मी रिक्षा पकडली.

नलूबाई मराठी शिकवायच्या, मी पर्यवेक्षिका. त्या वाडीवाल्या, मी वसईत फ्लॅट घेऊन आलेली. ‘‘तुमचं फूल पुडीत उगवतं,’’ असं मला सगळ्यांसमोर ऐकवायच्या. शाळेत समुपदेशनाची खोली करायची ठरलं, तेव्हा मुलांशी यांचं जमतं म्हणून काम त्यांच्या गळ्यात पडलं. प्रशिक्षण आम्ही दोघींनी घेतलं. खोलीत टेबल आलं, समोरासमोर दोन खुर्च्या आल्या, दारावर पाटी लागली. आणि एकही मूल तिकडे फिरकलं नाही. त्या दारात कुणी दिसलं की पोरं ओरडायची, ‘‘काय रे, मेंटल झाला काय?’’

नलूबाईंनी पाटी काढली, खुर्च्या ऑफिसला दिल्या आणि चटई अंथरली. वाडीतून ओल्या फडक्यात कागड्याच्या कळ्या बांधून आणायला लागल्या. कागडा नसेल तेव्हा मोगरा. मधल्या सुट्टीत ज्याला गजरा करायचा असेल त्याने यावं. मी विचारलं, हे कुठल्या विषयात बसवायचं? म्हणाल्या, ‘‘घाला की कार्यानुभवात. तुम्हाला काय, रकानाच भरायचा.’’ मी घातलं. मुलगे आधी हसले, मग कुणाचं तोरण लांब होतं यावरून भांडायला लागले. नलूबाई कुणालाही ‘काय झालं?’ असं विचारत नसत. ‘गाठ बसली का?’ एवढंच. ‘‘समोर बसवून कुणी बोलतं होय? तुम्ही तरी बोलता का साहेबांसमोर? हात गुंतले की तोंड सुटतं.’’ मान खाली घालून कळ्या ओवताना मुलं घरातलं काय काय सांगून जायची... आणि नलूबाईसुद्धा मान वर करायच्या नाहीत.

नववीतली तन्वी अशीच परत आली होती. गोखिवऱ्याला राहते, आई एका गाळ्यात पॅकिंगला जाते. वडील घर सोडून वेगळे राहायला लागले, तशी तन्वी फाटकापर्यंत यायची आणि मागे वळायची. नंतर तेही बंद झालं. नलूबाईंनी आईजवळ निरोप धाडला, ‘‘कळ्या फार आहेत, हात कमी पडतात.’’ तन्वी आली. आधी फक्त चटईवर बसायला, मग एका तासाला, दिवाळीपर्यंत पूर्ण दिवस.

नलूबाई गेल्या आणि तिचं येणं पुन्हा थांबलं. वर्गशिक्षिकेने फोन केले, मी केले. आई म्हणाली, ‘‘मॅडम, काही बोलायला गेलं की भिंतीकडे तोंड करते.’’ वार्षिक परीक्षा तोंडावर. नववीत घरी बसलेली मुलगी दहावीला येत नाही, ती आईशेजारी पॅकिंगला बसते. हे मी बरेचदा पाहिलंय.

मी रडणारी बाई नाही. चटई झटकली, गुंडाळली आणि नलूबाईंच्या जावेला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चटई घेऊन होळी गावात गेले. जावेने कळ्यांचं फडकं तयार ठेवलं होतं. ‘‘पानी मारलंय, उन्हात नका धरू. गजरा येतो ना तुम्हाला?’’

‘‘नाही.’’

‘‘मग काय भाजी करणार याची?’’ ती हसली, मग पदराने डोळे पुसून दोऱ्याची नवी जुडी काढून दिली.

गोखिवऱ्याला तन्वीच्या आईने दार उघडलं. मी कुणाला हाक मारली नाही. बाहेरच्या खोलीत चटई अंथरली, गुडघे कुरकुरले तरी मांडी घातली आणि ओवायला घेतलं. चार कळ्या बसल्या की दोन गळत. बऱ्याच वेळाने आतल्या दारातून आवाज आला, ‘‘बाई, गाठ सैल पडतेय. सगळ्या सुटणार.’’

‘‘दिसतंय मला.’’

तन्वी येऊन बसली आणि माझ्या हातातला दोरा काढून घेतला. ‘‘दोरा आधी भिजवायचा. नलूबाई भिजवायच्या.’’ आईने वाटीभर पाणी आणून ठेवलं. शाळेचं अगदी ओठावर आलं होतं. मी मान खाली घातली आणि दोन-दोन कळ्या तिच्यापुढे सारत राहिले.

गजरा संपत आला तेव्हा ती म्हणाली, ‘‘आता तुम्ही बसणार शाळेत? असलं करत?’’

‘‘नव्या बाई येतायत उद्या. त्यांनाही येत नसणार.’’

तिने नवा दोरा घेऊन वाटीत बुडवला.

निघताना मी उरलेल्या कळ्या फडक्यात बांधून तिथेच ठेवल्या. चटईही उचलली नाही.

‘‘बाई, चटई राहिली.’’

‘‘हातात मावत नाही,’’ चपला घालता घालता मी म्हटलं. ‘‘उद्या येताना घेऊन ये.’’